वाचकांचे प्रश्न: अर्ध्यात अडकणारे दिवे

प्रश्न: माझ्याकडे 1992 सालची माझदा एमएक्स-5 आहे. हिचे पुढचे दिवे एरवी बॉडीत लपलेले असतात आणि लावले की मोटरने वर येतात. उजवा दिवा व्यवस्थित वर येतो. डावा मात्र थंडीच्या दिवसांत अर्ध्यातच थांबतो, आणि कधीकधी आपला आपणच वर-खाली करत राहतो. मेकॅनिकचं म्हणणं आहे की मोटर गेली, दुसऱ्या गाडीची काढून आणलेली बसवू. तसं करू का?

उत्तर: इतक्यात नको. जळालेली मोटर हलतच नाही. तुमची हलते आहे, फक्त तिला थांबायचं कुठे ते कळत नाही आणि वर जाताना जोर पुरत नाही. म्हणजे दोष बहुधा दोन आहेत, आणि दोन्ही घरी दुरुस्त होतात.

या गाडीची मोटर उलटसुलट फिरत नाही, एकाच दिशेने फिरते. तिच्या दांड्यावरचा आडवा हात अर्धा फेरा फिरला की त्याला जोडलेला लिंक रॉड दिव्याला वर ढकलतो, उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात खाली ओढतो. दर अर्ध्या फेऱ्याला वीज तोडण्याचं काम मोटरच्या आतले सरकते कॉन्टॅक्ट करतात. त्यांवर हिरवट गंज चढला किंवा जुनं ग्रीस पसरलं की थांबायची जागा चुकते आणि दिवा उघडझाप करत राहतो.

आधी मोटरला हात न लावता दिव्याची यंत्रणा तपासा. बॉनेट उघडा, दिवे वर-खाली करणाऱ्या सर्किटचा फ्यूज काढा, बॅटरीची निगेटिव्ह तारही सोडा. हे टाळू नका. ही यंत्रणा ताकदीची असते आणि चुकून सुरू झाली तर बोटं चिरडतात. मग मोटरच्या टोकावरची रबरी टोपी काढा. खाली हाताने फिरवायची मूठ आहे. ती फिरवून दिवा वर आणा, लिंक रॉड सोडवा आणि दिवा हाताने वर-खाली करून बघा. तो अगदी हलका जायला हवा. कुठे जड लागला, तर बिजागऱ्यांमधलं वाळलेलं वंगण हेच खरं दुखणं. अशा यंत्रणेवर नवी मोटर चढवली तरी तीही काही काळाने दमणार. जुनं ग्रीस पुसून काढा, बिजागऱ्या मोकळ्या करा, नवं ग्रीस लावा. निम्म्या गाड्यांचं काम मी इथेच संपलेलं पाहिलं आहे.

तरीही दिवा अडखळत असेल, तर बॅटरी आणि फ्यूज परत जोडून, मोटर चालू असताना कनेक्टरवर मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. मोटर जोडलेली असतानाच मोजा, हे महत्त्वाचं. सुट्या कनेक्टरवर 12 व्होल्ट दिसतात आणि भार आला की ते गळून पडतात, कारण कुजलेली तार किंवा सैल अर्थिंग. दोन्ही दिवे हलत नसते तर मी आधी फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) बघायला सांगितलं असतं. तुमचा एकच बिघडलाय, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका.

आता मोटर. पुन्हा फ्यूज आणि बॅटरीची तार काढा. आडवा हात काढण्यापूर्वी तो आणि दांडा यांच्यावर मिळून एक ओरखडा मारून ठेवा. तो नसला की परत बसवताना दिवा वाकडा थांबतो आणि झाकणाची कड बॉडीवर घासून रंग जातो. गिअरचं झाकण उघडलंत की काळपट, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस दिसेल. पाणी शिरल्याच्या खुणाही बघा, रबरी टोपी फाटलेली असेल तर ते तिथूनच येतं. सगळं ग्रीस काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, कॉन्टॅक्टवर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. कॉन्टॅक्टच्या पात्या चपट्या पडल्या असतील तर किंचित वर उचला, त्यांचा दाब परत येतो. नवं ग्रीस फक्त गिअरच्या दातांना, तेही बेताने.

मोटरचं गोल कवच काढायची वेळ आली तर सांभाळा. आतले चुंबक आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, धरून ठेवतात, त्यामुळे कवच ओढलं की आर्मेचर सोबत निघतं आणि त्याला वीज पोचवणारे कार्बन स्प्रिंगसकट उडतात. आर्मेचर एका हाताने जागेवर दाबून धरा. कार्बन अगदी झिजले असतील, किंवा कम्युटेटरवर (आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या भागावर कार्बन घासतात त्यावर) खोल चर पडला असेल, तेव्हाच मोटर बदला. आणि दुसऱ्या गाडीची आणलीत तरी आधी ती उघडून साफ करा. हे दिवे 1997 पर्यंतच्या पहिल्या पिढीलाच होते, म्हणजे त्या मोटरमधलं ग्रीसही तुमच्या मोटरमधल्याइतकंच म्हातारं आहे.

जोडून झालं की वीज देण्याआधी मूठ हातानेच फिरवून एक पूर्ण फेरा बघा. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून झोत तपासा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न: माझ्या 1999 सालच्या कॉर्व्हेटची मोटर घरघरत राहते, दिवा मात्र उघडत नाही. हीसुद्धा वंगणाचीच भानगड का?

उत्तर: नाही. सी5 पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये प्लास्टिकचा गिअर असतो आणि त्याचे दात झडतात. मोटर फिरते, पण पकडायला काही उरत नाही. मोटर पूर्ण बदलायची गरज नाही, पितळी गिअर स्वतंत्र मिळतो. तो हाती येईपर्यंत एक सोय आहे: दिवा उघडताना गिअरचा काही भागच वापरला जातो, पलीकडचे दात कोरे राहतात. गिअर अर्धा फेरा फिरवून बसवलात तर ते दात कामी येतात. पितळी गिअर बसवण्याआधी तुम्हीही दिव्याची यंत्रणा हाताने हलवून बघा. ती जड असेल तर पितळेचे दात टिकतील, पण ताण मोटरवर जाईल.