आयफोनच्या आयओएसचा इंटरफेस पुन्हा नव्याने करायची गरज आहे का?

रंगरूपाची नाही, मांडणीची आहे. 2013 मध्ये आयओएस 7 ने पडद्यावरची चामड्या-लाकडाची नक्कल काढून सगळं सपाट केलं, 2025 मध्ये आयओएस 26 ने पारदर्शक काचेचा मुलामा चढवला. दोन्ही वेळा भिंतींना रंग दिला, दरवाजे होते तिथेच.

खरी अडचण अंगठ्याची. 2007 चा पहिला आयफोन साडेतीन इंचांचा होता; वर डाव्या कोपऱ्यातलं मागे जायचं बटण एका हाताने सहज दाबता यायचं. आता 6.9 इंचांच्या फोनवर तिथे पोचायला फोन तळहातात वर सरकवावा लागतो (आणि नेमका तेव्हाच तो निसटतो). डाव्या कडेवरून बोट ओढून मागे जाता येतं खरं, आयओएस 26 मध्ये बऱ्याच ॲप्समध्ये पडद्याच्या मधूनही; पण जिथे फक्त कडेवरूनच जमतं तिथे, फोन उजव्या हातात असेल तर, ती कडही लांबच, आणि काही ॲप्समध्ये ते चालतच नाही. अँड्रॉइड 10 ने 2019 मध्येच दोन्ही कडांवरून ही सोय दिली.

सेटिंग्जचं तर विचारूच नका. कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा हव्यात? कॅमेरा सोडा, सेटिंग्जमध्ये जा, शोधत बसा.

नुसत्या काचेमुळे अक्षरं वाचायला त्रास होत असेल, तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' (पारदर्शकता कमी करणारा पर्याय) चालू करून बघा.