फ्लॅटच्या मूल्यांकन अहवालात किती स्पष्टीकरण असावं?

वाचणाऱ्याला अंतिम आकडा स्वतः पडताळता येईल, इतकं. कोथरूडच्या जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटला एखादा दर लावला, तर जवळपासच्या कोणत्या व्यवहारांच्या सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) पाहिल्या, त्या कधीच्या, आणि लिफ्ट नाही, इमारत जुनी म्हणून दर किती कमी धरला, हे लिहायलाच हवं. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंतींसह), हेही स्पष्ट हवं; फार घोळ इथेच होतात. नुसता रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर उतरवणं म्हणजे मूल्यांकन नव्हे, तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. जुना फ्लॅट विकताना भांडवली नफ्यावरच्या करासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य काढलं असेल, तर आधार त्या काळचेच दाखवा. पुणे शहराच्या वर्णनाची दोन पानं मात्र खुशाल गाळा.