जुन्या वॅगनआरचा सायलेन्सर कुजलाय. अख्खी एक्झॉस्ट लाईन बदलू की नुसता मागचा डबा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी 2011 ची वॅगनआर, एमएच-09 म्हणजे कोल्हापूरची, 95,000 किलोमीटर झालेली. रोजचा वापर राजारामपुरी ते ताराबाई पार्क, नातवाला शाळेत सोडणं आणि आणणं. गेल्या पावसाळ्यापासून आवाज वाढलाय. एक मेकॅनिक म्हणतो पुढून मागेपर्यंत सगळं बदला. दुसरा म्हणतो उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, स्टीलचा बनवून घ्या, परत बघायला नको. आणि मुलगा म्हणतो एवीतेवी बदलायचाच आहे तर फ्री-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा रुंद सायलेन्सर, बसवूया. कुणाचं ऐकू?

आत्ता तरी कुणाचंच नको. आधी भोक कुठं पडलंय ते बघा.

मी गॅरेजवाला नाही. शिरोली एमआयडीसीत 25 वर्षं फॅब्रिकेशन केलं, पत्रा आणि वेल्डिंग हीच भाकरी. माझ्याकडं तुमच्यापेक्षा जुनी हॅचबॅक आहे आणि तिच्या पोटाखाली आजवर तीन सायलेन्सर होऊन गेले. त्यातला एक निव्वळ माझ्या चिकटपणामुळं गेला, ते पुढं सांगतो.

भोक शोधायचं ते सकाळी, गाडी गार असताना. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू. जाड ओलं फडकं मागच्या नळीच्या तोंडावर चार-पाच सेकंद दाबून धरा. लाईन धड असेल तर फडकं हाताला ढकलतं आणि इंजिन गुदमरायला लागतं. कुठं फाटलं असेल तर तिथून फुस्स आवाज येतो आणि फडक्याला काही जोर लागत नाही. दुसऱ्या कुणाला तरी गाडीशेजारी वाकून कान द्यायला सांगा. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. त्यापेक्षा वॉशिंग सेंटरवर जा, रॅम्पवर गाडी चढली की अख्खी लाईन डोळ्यासमोर येते. गळतीच्या जागी काळी काजळी धरलेली असते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगला पत्रा टण वाजतो, कुजलेला भद्द वाजतो.

मागच्या डब्याच्या खालच्या अंगाला एक बारीक गोल भोक दिसलं तर ते भोक नव्हे. पाणी निघून जावं म्हणून कंपनीनंच ठेवलेलं असतं ते. मी एकदा एका गॅरेजात माझ्या डोळ्यांदेखत त्याच्यावर टाका मारताना पाहिलं. पोरगं नवीन होतं, बिचाऱ्याला वाटलं लीकेज.

पाणी येतं कुठून? पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही, एक लिटर पेट्रोलमागं साधारण एक लिटर. गाडी तासभर पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं. पण राजारामपुरीतून ताराबाई पार्क म्हणजे इंजिन जेमतेम तापतंय तोवर तुम्ही पोचलेले असता. इंजिनजवळचा पाइप तापतो, पण मागचा डबा सगळ्यात शेवटी तापतो, त्यामुळं पाणी त्यातच साचून राहतं आणि धुरातल्या वायूंनी आंबट होतं. पत्रा आतून खातं ते हे पाणी. म्हणून 95,000 किलोमीटरवर तुमचा डबा गेला, आणि रोज कोल्हापूर-सांगली करणाऱ्याचा कदाचित दीड लाखावरही टिकला असता. सीएनजी बसवलेली असेल तर पाणी आणखी जास्त धरा. आणि 2019 किंवा 2021 च्या महापुरात गाडी पाण्यात उभी होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उभी असेल तर डब्यासोबत मधल्या पाइपाचे सांधेही नीट तपासा. पंचगंगेचा गाळ सांध्यात बसला की ओल धरून ठेवतो.

आता मुद्द्यावर येतो. ही लाईन डोक्यात दोन भागांत तोडून ठेवा. पुढचा भाग म्हणजे इंजिनपासून कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा), धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि लवचिक जाळीचा तुकडा असेल तर तो. मागचा भाग म्हणजे मधला लांब पाइप आणि डबा. पुढच्या भागात पैसे वाचवू नका, आणि मागच्या भागात नको तेवढे घालू नका. तुमचं वर्णन वाचून मला नव्वद टक्के वाटतंय की गेलाय तो मागचा डबाच. आवाज मागून येतो, मागच्या सीटवर जास्त जाणवतो, पिकअप तसाच आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढून मागेपर्यंत बदलण्याचं कारणच काय? डबा काही हजारांत येतो, कॅटचं बिल पाच आकडी होतं. अख्खी लाईन काढली की बरोबर चांगला चाललेला कॅटही जातो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महाग धातू असतात आणि भंगारात त्याला वेगळा भाव मिळतो. तो मेकॅनिक तसलाच आहे असं मी म्हणत नाही. पण कधी कॅट बदलायची वेळ आलीच, तर जुना सुटा करून तुमच्या डिकीत ठेवायला सांगा, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा.

पुढच्या भागात गळती निघाली तर मात्र टाळाटाळ नको. सेन्सरच्या अलीकडं, म्हणजे इंजिनच्या बाजूला, फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडीचा कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडायला लागतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि सगळे इंजिनला शिव्या देतात. दुसरं म्हणजे पुढची गळती केबिनच्या खाली असते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. काचा बंद, एसी चालू, मागं लहान पोर बसलेलं. गाडीतून उतरल्यावर डोकं जड होतंय असं घरातल्या कुणीही म्हटलं, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी लावून ठेवा.

आता डबा कुठला घ्यायचा. मी 2016 साली बाजारात मिळाला तो सगळ्यात स्वस्त लोकल डबा घेतला. वरून काळा चकाचक रंग, स्टिकर वगैरे सगळं. दोन पावसाळे झाले आणि आतलं जाळीचं पडदं सुटलं. बाहेरून डबा धड, पण प्रत्येक स्पीडब्रेकरला खुळखुळा वाजायचा. रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं वळून बघायची. आयुष्यभर पत्रा हाताळलेल्या माणसानं साधा वजनाचा अंदाज घेतला नाही, याची लाज वाटते. तुम्ही दुकानात दोन डबे दोन हातांत धरा. हलका डबा म्हणजे पातळ पत्रा, किंवा आत पडदे कमी. कानाजवळ हलवून बघा, आत काही सुटं वाजता कामा नये. शिवण बघा, टाका सलग आहे की जागोजागी ठिपके. फ्लँज, म्हणजे सांध्याची बोल्ट लावायची चकती, सपाट आहे का, तेवढं नखानं तपासा.

कंपनीचा जेन्युइन डबा महाग पडतो, पण त्याचे हूक जागच्या जागी बसतात, आणि ही किंमत कमी समजू नका. लोकल डब्याचा हूक बोटभर जरी इकडंतिकडं असला तरी पाइप ताणावर राहतो, टांगणीचं रबर तुटतं आणि ताण सरकत सरकत पुढच्या सांध्यावर जातो. गगनबावड्याला जाताना भर पावसात माझा पाइप एका रबरवर लोंबकळला होता. टपरीवाल्यानं बाइंडिंग वायर दिली म्हणून घरी आलो. तेव्हापासून डबा बदलला की सगळी रबरं नवी. तीन-चार रबरांचे पैसे ते किती असतात!

उद्यमनगरवाल्याचा सल्ला वाईट नाही. आपल्याकडं हात आहे, हत्यार आहे, पाइप वाकवणारे आहेत. पण ‘स्टील’ म्हणजे कुठलं, हे विचारा. कंपनीच्या सायलेन्सरला बहुधा 409 जातीचं स्टील किंवा ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा असतो. 409 ला चुंबक चिकटतं आणि वरवर तांबडा गंजही येतो, त्यानं घाबरायचं नाही. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. ते गंजायला बरीच वर्षं लागतात. गोम अशी की 202 नावाचं स्वस्त स्टील तेवढंच चकाकतं आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. त्यामुळं चुंबक लावून ‘बघा साहेब, ओरिजिनल’ म्हणणाऱ्याकडं हसून बघा आणि मालाचं बिल मागा. ओळखीत कुणी फाउंड्रीत असेल तर पाइपाचा तुकडा स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कोल्हापुरात असली ओळख नसलेलं घर शोधावं लागेल.

वेल्डिंग आर्गननंच करून घ्या. गाडीवरच टाका मारायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला लावा, नाहीतर कॉम्प्युटरचा किंवा सेन्सरचा निकाल लागायचा. आणि मागचा डबा पेट्रोलच्या टाकीपासून लांब नसतो. मी तर म्हणेन जागेवर माप घेऊन नुसता टाका धरावा, पाइप खाली उतरवावा आणि पूर्ण वेल्डिंग बाकावर करावं.

पण तुम्हाला 304 ची खरंच गरज आहे का? गाडीला 15 वर्षं भरतायत. पासिंग रिन्यू केलं तर पुढं पाच वर्षांचं मिळतं, आणि त्या वेळी ग्रीन टॅक्सही भरायचाय. पाच वर्षांसाठी जेन्युइन डबा पुरेसा आहे, थोडी काळजी घेतली तर. गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर चांगल्या वजनाचा लोकल डबाही चालेल. स्टीलचा तेव्हाच करा, जेव्हा तुमचं कोकणात सारखं जाणंयेणं आहे. मालवणला गाडी चार दिवस उभी राहिली तरी खारी हवा पोटाखाली बसते.

फ्री-फ्लोबद्दल चिरंजीवांना सांगा की एक लिटरच्या इंजिनला त्यातून मिळतो तो आवाज. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की धुराचा वेग पडतो आणि खालच्या गिअरचा दम कमी होतो. शाळेच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या गाडीला नेमका तोच लागतो. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) आहे. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. आणि कुणी ‘कॅटची जाळी फोडून पोकळ करतो, गाडी पळेल’ म्हणालं तर तिथून निघा. बीएस-4 (धुराच्या सरकारी मानकाचा टप्पा) पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतं. पोकळ कॅटवर ते बसणं अवघड, आणि तुमचं पासिंग तोंडावर आलंय.

बसवताना उभे राहा. सांध्यातलं पॅकिंग नवीन, जुनं परत दाबून बसवायचं नाही. गंजलेले नटबोल्ट जोर लावून तोडू देऊ नका. आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल मारलं तर निम्मं काम होतं. सगळी लाईन आधी रबरांवर सैल टांगायची, मग पुढून मागं कसत यायचं. उलट केलं की डबा वाकडा बसतो आणि बंपरला घासतो. झाल्यावर नळी हातानं चारी बाजूंनी हलवून बघा, कुठं बॉडीला लागते का.

पहिली दहा-पंधरा मिनिटं नव्या डब्यावरचं तेल आणि रंग जळून धूर आणि उग्र वास येईल, तो चालेल. शंभर किलोमीटरनंतर बोल्ट एकदा परत कसून घ्या. आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी हायवेला काढा, कागलपर्यंत जाऊन आलात तरी डबा आतून वाळतो. नातवाला बरोबर घ्या.