वडिलांचं उपदान आणि रजेचे पैसे अडकलेत, थेट कोर्टात जावं का?

वडील जळगाव जिल्ह्यातल्या राज्य शासनाच्या कार्यालयातून लिपिक म्हणून निवृत्त होऊन 14 महिने झाले, तात्पुरती पेन्शन चालू आहे, पण उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे) मिळालेलं नाही. ‘वेतननिश्चिती चुकली होती, वसुली निघेल’ असं तोंडी सांगतात. थेट कोर्टात जावं का, हा तुमचा प्रश्न.

जावं लागेलही, पण आधी ते तोंडी कारण कागदावर आणा. वडिलांच्याच नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करा (सेवापुस्तक वैयक्तिक माहिती आहे, तुमच्या नावाने मागितलं तर नकार येऊ शकतो). 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि मोजकं मागा: सेवापुस्तकाची पूर्ण प्रत, नाशिकच्या वेतन पडताळणी पथकाचा (वेतननिश्चिती तपासणारं सरकारी पथक) आक्षेप, पेन्शन प्रकरण मुंबईच्या महालेखापालांकडे (पेन्शन आणि उपदान मंजूर करणारं लेखा कार्यालय) गेल्याचा जावक क्रमांक व तारीख, आणि चौकशी चालू असेल तर दोषारोपपत्र. उत्तराची मुदत 30 दिवस. बहुतेक प्रकरणं पथकाच्या आक्षेपावर अडतात. सेवापुस्तक परत येतं आणि आस्थापना शाखेच्या कपाटात पडून राहतं. रजा रोखीकरणाला तर महालेखापालांची गरजच नसते, ते कार्यालयानेच मंजूर करायचं असतं. जास्तीत जास्त 300 दिवसांची अर्जित रजा धरतात.

‘चौकशी प्रस्तावित आहे’ एवढ्यावर उपदान रोखता येत नाही. 1982 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांत, नियम 27 नुसार, दोषारोपपत्र दिल्यावर किंवा आधीच निलंबन असेल तर त्या तारखेपासून चौकशी सुरू झाली असं धरतात. निवृत्तीनंतर नवी चौकशी काढायची तर घटना चार वर्षांच्या आतली हवी.

वसुलीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा रफीक मसीह निकाल (डिसेंबर 2014) वडिलांच्या बाजूने आहे: वर्ग 3 (लिपिक यातच येतो) व 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले, किंवा पाच वर्षांहून जास्त काळ दिलेलं जादा वेतन, यांत वसुली नाही. कार्यालय वेतननिश्चितीच्या वेळचं वचनपत्र (जादा पैसे मिळाले तर परत करीन, असं लिहून दिलेलं) दाखवेल आणि 2016 च्या जगदेव सिंग निकालावर बोट ठेवेल. तो निकाल न्यायिक अधिकाऱ्याबद्दल होता, लिपिकाबद्दल नाही, हे दाव्याच्या अर्जात ठळक मांडा. मात्र वेतननिश्चिती खरंच चुकली असेल तर पुढची पेन्शन सुधारित वेतनावर बसेल. ती दुरुस्ती थांबेल अशी आशा धरू नका.

आता दावा. राज्य शासनाचा कर्मचारी असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात मूळ अर्ज. धुळे, नंदुरबारचेही तिथेच जातात. जिल्हा परिषदेचा असेल तर न्यायाधिकरण नाही, तिथल्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका. यात गल्लत झाली की वर्षं वाया जातात.

न्यायाधिकरणात जाण्याआधी सविस्तर निवेदन द्या आणि आवक शिक्क्याची प्रत जपा. सहा महिने उत्तर नाही आलं तर पुढचं एक वर्ष तुमच्या हातात. लेखी नकार आला तर त्या तारखेपासून एक वर्ष. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, इथेच लोक फसतात. त्याच अर्जात नियम 129-अ खाली उपदानावरचं व्याजही मागा. उशीर प्रशासनाच्या चुकीने झाला हे दाखवावं लागतं, त्यासाठीच ते जावक क्रमांक आणि तारखा.