93 सेंटची ‘पक्की’ मॅच

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत शिकतो, वय 19. मार्चमध्ये तिकडे कॉलेज बास्केटबॉलची मोठी टुर्नामेंट असते, तेव्हा त्याने एका प्रेडिक्शन मार्केटच्या ॲपवर आपल्या कॉलेजची टीम जिंकणार म्हणून 400 कॉन्ट्रॅक्ट घेतले, 93 सेंटला एक. टीम पुढे होती, शेवटी हरली, 372 डॉलर गेले. म्हणतो, आई हा सट्टा नाही, शेअरसारखं ट्रेडिंग आहे, 93 टक्के चान्स होता, नशीब फिरलं. खरं काय समजायचं?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. तिथे ‘ही टीम जिंकेल का’ यावर हो किंवा नाही विकत घेतात, बरोबर आलं तर एका कॉन्ट्रॅक्टचा 1 डॉलर मिळतो, चुकलं तर शून्य, त्यामुळे 93 सेंट भाव म्हणजे बाजाराच्या मते जवळपास 93 टक्के शक्यता, इथपर्यंत तो बरोबर आहे. पण हिशोब मांडून बघा, जिंकला असता तर नफा फक्त 28 डॉलर होणार होता आणि हरला तर 372 जाणार होते, म्हणजे अशा 13 मॅच जिंकून जे कमवायचं ते एका मॅचमध्ये साफ, आणि यात फी धरलेलीच नाही. शंभरातल्या 93 वेळा जिंकला तरी तो फक्त बरोबरीत सुटतो!

आणि बास्केटबॉलमध्ये लीड किती पटकन जातो हे त्याला माहीत असणारच. एप्रिल 2025 मध्ये सॅन अँटोनियोला याच टुर्नामेंटच्या सेमीफायनलमध्ये ड्यूक कॉलेजची टीम दुसऱ्या हाफमध्ये 14 पॉइंटने पुढे होती, शेवटच्या मिनिटातही 6 ने, तरी ह्यूस्टनने 70-67 ने मॅच काढली. दोनच दिवसांनी फायनलला तीच ह्यूस्टन 12 ने पुढे असताना फ्लोरिडाकडून 65-63 ने हरली. हे सगळं तीन दिवसांतलं आहे.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. मॅच चालू असताना भाव सेकंदासेकंदाला हलतो, आणि मुलगा मोबाईलवर जे लाइव्ह बघतो ते खऱ्या खेळाच्या काही सेकंद मागे असतं, समोर मात्र फास्ट डेटा घेऊन बसलेल्या ट्रेडिंग कंपन्या असू शकतात, म्हणजे बास्केट पडलेलं त्यांना आधी कळतं आणि स्वस्त वाटलं म्हणून हा घ्यायला जातो. शिवाय तो आपल्याच कॉलेजवर पैसे लावतोय, तिथे डोकं थंड राहत नाही.

कायद्याचं म्हणाल तर अशा मार्केटवर तिकडे सीएफटीसी या केंद्रीय संस्थेची देखरेख असते, पण नेवाडा, न्यू जर्सीसारख्या राज्यांचं म्हणणं हे सरळ बेटिंगच आहे, आणि त्यावर कोर्टात भांडण चाललंय. बऱ्याच राज्यांत बेटिंग ॲपला वय 21 लागतं, या मार्केटवर 18 चालतं, म्हणून कॉलेजची पोरं इकडे येतात. आपल्याकडे तर 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीच आली.

त्याला ओरडू नका, ओरडलात तर पुढच्या वेळी सांगणार नाही. आजवरचे सगळे व्यवहार ॲपमधून काढून तुमच्यासोबत व्हिडिओ कॉलवर एकत्र बघायला सांगा, किती टाकले आणि किती परत आले. आणि 372 भरून काढायला तो पुन्हा खेळला का, हे तेवढं नक्की विचारा.