द्राक्षबागेतली फवारणी आणि पोटातलं बाळ

प्रश्न : डॉक्टरताई, मला दहावा आठवडा चालू आहे. आम्ही निफाड तालुक्यात मळ्यातच राहतो, पडवीतून उतरलं की बागच लागते. गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी झाली आणि त्यात पाऊस, त्यामुळे डावणी या बुरशीरोगाच्या भीतीने फवारणीचा ब्लोअर सारखा चालू असतो. फवारणी मिस्टर करतात, त्यांचे कपडे मी धुते. पुण्याची नणंद मात्र रोज व्हिडिओ पाठवते, की प्लॅस्टिकमधल्या रसायनांनी हार्मोन बिघडतात, बाळाची वाढ खुंटते, घरातले सगळे डबे फेकून दे. टाकू का फेकून?
— एक वाचक

उत्तर : डबे राहू द्या. आधी ते कपडे धुणं बंद करा, आजपासून.

डावणीवर आपल्याकडे सर्रास मारतात ती पिवळसर पावडर, एम-४५, म्हणजे मॅन्कोझेब. ते शरीरात गेलं की त्यापासून ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते. मेंदूच्या जडणघडणीला हवं ते हार्मोन त्याला तुमच्या रक्तातून, वारेतून मिळतं. आईचा थायरॉइड बराच कमी असला आणि उपचार झाले नाहीत, तर बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. म्हणून दहावा आठवडा आणि छाटणीनंतरच्या फवारण्या एकत्र आल्या की मी जास्त सावध होते. युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरात मॅन्कोझेबची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, त्यामागे हार्मोन बिघडवण्याचा आणि प्रजननाला अपाय करण्याचा मुद्दा होता. आपल्या दुकानांत ते आजही सहज मिळतं.

कोस्टा रिकामध्ये केळीच्या बागांवर हेच औषध विमानातून फवारतात. तिथल्या साडेचारशेच्या आसपास गर्भवतींच्या लघवीतलं ईटीयू तपासलं गेलं. बागेलगत राहणाऱ्यांमध्ये ते जास्त निघालं, शेतात काम करणाऱ्यांमध्येही जास्त, आणि आदल्या दिवशी शेतातले कपडे धुतलेल्या बायकांमध्येसुद्धा जास्त निघालं. हे वाचल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारते, घरात फवारणीचे कपडे कोण धुतं? सोबत आलेला नवरा तेव्हा खाली बघतो. त्याच्या कॉलरच्या शिवणीत, खिशाच्या कोपऱ्यात ती पिवळी पूड बसलेली असते. मी त्याला रागावत नाही, पण तिथल्या तिथे कबूल करून घेते, की बाळंतपणापर्यंत आणि नंतर बाळ अंगावर पीत असेतो कपडे तो स्वतः धुईल. वेगळी बादली, हातात रबरी मोजे, आणि घरच्या कपड्यांत ते अजिबात मिसळायचे नाहीत. फवारणी झाली की आधी अंघोळ, मगच स्वयंपाकघरात पाऊल. तुमच्या मिस्टरांना हे पत्र दाखवा.

ब्लोअर चालू असताना तुम्ही दारं-खिडक्या लावून आत थांबा. वाऱ्याचा रोख घराकडे असेल तर फवारणी पुढे ढकलायला सांगा. दोरीवरचे कपडे आत घ्या, पाण्याच्या टाकीवर घट्ट झाकण हवं. औषधाचे रिकामे कॅन धुऊन पाण्याला वापरायचे नाहीत, कितीही स्वच्छ दिसले तरी. घडांच्या डिपिंगला, म्हणजे घड वाढीच्या संजीवकात बुडवायच्या कामाला, यंदा जाऊ नका. मला त्या संजीवकापेक्षा, जीएपेक्षा, पानांवर बसलेल्या ताज्या औषधाची काळजी वाटते, कारण दिवसभर हात त्यातच असतात.

आता नणंदबाईंचं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेतल्या १६ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून, सहा हजारांवर गर्भवतींची, २०२२ मध्ये पाहिली गेली, तेव्हा प्लॅस्टिकला लवचीक करणाऱ्या थॅलेट्सचं प्रमाण ज्यांच्या शरीरात जास्त, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं थोडी जास्त आढळली. पण थॅलेट्स शरीरातून दिवसा-दोन दिवसांत बाहेर पडतात, त्यामुळे साधी सवय बदलली तरी फरक पडतो. गरम भाजी, गरम चहा प्लॅस्टिकमध्ये ओतू नका, स्टीलचा डबा घ्या. कोरडी डाळ, तांदूळ ठेवलेले डबे आहेत तिथेच ठेवा. आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तपासा. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे आणि बाळाचं वजन घटवण्यात त्याचा मोठा हात असतो. लोहाच्या गोळ्या चुकवू नका, मीठ आयोडीनचंच वापरा.

एक गोष्ट मला खरंच बोचते. निर्यातीचा माल असला की आपण फवारणीची तारीखवार नोंद ठेवतो, घड तोडण्याआधी प्रयोगशाळेत पाठवतो, औषधाचा अंश मर्यादेत आहे ना ते बघतो. त्याच बागेत राहणाऱ्या गर्भवतीच्या बाबतीत कुणी काही विचारतसुद्धा नाही. तर ती नोंदवही पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. कोणतं औषध, कधी मारलं, तुम्ही तेव्हा कुठे होतात, हे त्यांना कळू द्या. याच आठवड्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. बाळाची वाढ मागे वाटली तर पुढच्या तपासण्या लवकर-लवकर होतील, एवढंच, आतापासून घाबरून जेवण टाकू नका.

फवारणीनंतर मात्र चक्कर, खूप लाळ सुटणं, अंधुक दिसणं किंवा श्वास लागणं यांतलं काही झालं, तर उलट्या गर्भारपणाच्याच आहेत असं समजून घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा आणि औषधाच्या पुड्याचं लेबल सोबत न्या.