स्पर्धेची पिस्तूल-रायफल घरी बनवता येते का? आणि बनवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलं आहे की नेमबाजीच्या १० मीटर प्रकारात खेळायला लागल्यावर स्वतःचं एअर पिस्तूल किंवा रायफल (हवेच्या दाबाने छर्रा मारणारी) घरच्या घरी बनवता किंवा निदान बदलून घेता येते का, आणि त्याने गुण वाढतात का. मी पिस्तूल खेळतो, आणि बरोबरच्या नेमबाजांच्या ग्रिप, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठी, घासून, भरून देण्याचं काम मनापासून करतो. त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी मर्यादा. बॅरल, व्हॉल्व्ह, हवेचा सिलिंडर आणि ट्रिगरच्या आतले एकमेकांत अडकणारे पोलादी भाग यांना घरी हात लावायचा नाही. काडतुसाच्या हत्याराचं तर नावच नको. बहुतेक देशांत परवान्याशिवाय तसं काही बनवणं किंवा बदलणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यात जीव जाण्याचा धोका आहे. एअर गनबद्दलचे नियमही देशागणिक वेगळे, तेही आधी वाचून घ्या. शिवाय गरजच काय? चांगल्या कंपनीची स्पर्धेची एअर गन शिकंज्यात बांधून मारली तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. तिथे सुधारायला तुमच्या-माझ्यासाठी काही उरलेलं नसतं. गुण सांडतात ते हत्यार आणि शरीर जिथे एकमेकांना भेटतात तिथे: तळहात, बोट, गाल, खांदा. आणि नेमक्या याच जागा घरी, टेबलावर, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन दुरुस्त करता येतात.

पिस्तुलापासून सुरू करतो, कारण तिथे ग्रिपच सगळं ठरवते. हिशेब करून बघा. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर ढोबळमानाने ३३ सेंटिमीटर धरा. मनगट किंचित वळलं आणि फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे १५ मिलिमीटर बाजूला जातो. पिस्तुलाच्या टार्गेटवरचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे हा शॉट नऊच्या बाहेरच्या काठावर लागला. उलट दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या आणि अख्खा हातच अर्धा मिलिमीटर हलला, तर छर्राही फक्त अर्धा मिलिमीटर हलतो. नवखे खेळाडू हात स्थिर ठेवण्यासाठी धडपडतात, पण खरा तोटा मनगटाच्या कोनात असतो. ग्रिपचं काम म्हणूनच एवढंच आणि एवढं मोठं: हात वर गेला की दोन्ही साइट आपोआप एका रेषेत याव्यात, मनगटाने त्यांना ओढून आणावं लागू नये.

हे तपासायची पद्धत साधी आहे. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. नेहमीसारखं पकडा, डोळे मिटा, हात उचला, एक-दोन श्वास जाऊ द्या आणि डोळे उघडा. साइट कुठे आहे ते बघा, दुरुस्त करू नका. हात खाली, पकड सोडा, पुन्हा तेच. हे वेगवेगळ्या दिवशी करा, कारण थकलेला हात आणि ताजा हात वेगळं सांगतात. फ्रंट साइट दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर दोष ग्रिपचा. कधी इकडे, कधी तिकडे दिसत असेल तर अजून तुमची पकडच पक्की झालेली नाही. मग लाकडाला हात लावू नका, आधी पकड बसू द्या. पूर्ण पिस्तूलच टार्गेटच्या डावी-उजवीकडे जात असेल तर तो पायांचा प्रश्न आहे. तो पाय सरकवून सुटतो.

दोष ग्रिपचाच असला तरी कानस इतक्यात काढू नका. आजकालच्या बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत ग्रिप थोडी झुकवायची किंवा फिरवायची सोय स्क्रूने दिलेली असते. आधी ती वापरा. तेवढ्याने भागलं नाही तर लाकडाकडे वळा. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी सांगतो: नळी सारखी उजवीकडे जात असेल तर तर्जनीच्या मुळाखाली, ग्रिपच्या उजव्या बाजूला, थोडी भर घाला. पुढचा भाग डावीकडे ढकलला जातो. नळी खाली झुकत असेल तर ग्रिपच्या मागच्या बाजूला खाली, तळहाताच्या टाचेपाशी, भर दिली की ती वर येते. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

भर घालताना माझा एक हट्ट असतो. पहिली भर कधीच कायमची नको. मुलांच्या खेळण्यातली माती किंवा कापडी टेपचे थर लावा, आठवडाभर त्यावर ड्राय फायर (छर्रा न घालता ट्रिगर ओढण्याचा सराव) करा, मगच एपॉक्सी पुट्टी. पुट्टी लावण्याआधी ग्रिप पिस्तुलावरून उतरवा, जिथे लावायची तो भाग खरखरीत करा, धातूला भिडणाऱ्या जागा टेपने झाका. पुट्टी मऊ असताना हाताला पातळ प्लास्टिकचं आवरण घालून पकड घ्या. पण आवळू नका. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. घट्ट मुठीचा साचा तयार होतो, आणि सामन्यात शेवटपर्यंत तेवढंच आवळल्याशिवाय तो साचा हाताला बसत नाही. पात्रता फेरीत ६० शॉट आणि ७५ मिनिटं असतात. पहिल्या शॉटला आणि साठाव्या शॉटला जो जोर सारखा राहू शकेल तेवढ्याच जोराने साचा घ्या.

काढून टाकायचं लाकूड शोधायला ग्रिपवर पेन्सिलची भुकटी किंवा खडू चोळा आणि पकडून सोडा. जिथे रंग पूर्ण निघाला तिथे दाब जास्त, जिथे तसाच राहिला तिथे स्पर्शच नाही. ट्रिगरच्या बोटाकडे विशेष लक्ष द्या. त्या बोटाचं पुढचं पेर ट्रिगरवर आणि बाकीचं बोट लाकडापासून सुटं हवं. बोटाची बाजू लाकडाला घासत असेल तर ट्रिगर ओढताना पिस्तूलही कणभर ढकललं जातं आणि शॉट डावीकडे निसटतात. लोक महिनोन्‌महिने ट्रिगरला दोष देतात आणि इलाज असतो लाकडाचा एक पापुद्रा.

ग्रिपच्या तळाशी तळहाताला टेकू देणारी जी आडवी फळी असते तिच्याबद्दल मतभेद आहेत. मला ती हाताला नुसती टेकलेली आवडते, दाबणारी नाही. हात गरमीत फुगतात, जरा वेळ लोंबकळत ठेवले तरी फुगतात. घट्ट फळी दुसऱ्या अर्ध्या तासात हात चिमटायला लागते. एखादं जाड कार्ड सरकेल एवढी फट ठेवा.

एक मात्र पाळा: घासताना तोंडाला मास्क हवा. ग्रिप सहसा अक्रोडाच्या लाकडाच्या असतात, आणि ती बारीक धूळ आणि पुट्टीची धूळ दोन्ही फुफ्फुसांना वाईट. पुट्टी मळताना हातमोजे घाला.

आता नियम, कारण सुंदर बसलेली ग्रिप तपासणीत बाद झाली तर सगळी मेहनत वाया. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. यातले ५० मिलिमीटर, म्हणजे रुंदी, हीच पुट्टी लावणाऱ्यांची अडचण होते. मोठ्या हाताला अंगठ्याचा टेकू आणि फळी दोन्ही वाढवली की खोका अडतो. ग्रिपने हाताला वेढा घालायचा नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, अंगठा वरच्या दिशेने मोकळा उचलता आला पाहिजे, आणि फळीचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. हाताला किंवा ग्रिपला चिकट काही लावायचं नाही. घरी पुठ्ठ्याचा खोका करून ठेवा आणि प्रत्येक थरानंतर पिस्तूल त्यात ठेवून पाहा.

ट्रिगरबाबत थोडक्यात. ट्रिगर ओढायला लागणारा जोर, म्हणजे ट्रिगरचं वजन, एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम हवं. एअर रायफलला अशी किमान अट नाही. पिस्तूल उभं धरून ट्रिगरने वजन उचलून हे तपासतात, आणि नेमके ५०० ग्रॅम लावून जाणं मला शहाणपणाचं वाटत नाही. स्प्रिंग बसते, तापमान बदलतं. थोडं वर ठेवा आणि निश्चिंत राहा. ट्रिगर ओढण्याच्या पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन, ट्रिगरचा प्रवास, शॉट सुटल्यावरचा थांबा, यासाठी कंपनीने स्क्रू दिलेले असतात. पुस्तिका उघडी ठेवून एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याहून जास्त नाही. आतले भाग घासून ट्रिगर ‘मऊ’ करून देणारे भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्या. एकमेकांत अडकणाऱ्या कडा घासल्या की हत्यार धक्क्याने आपोआप सुटू शकतं. हे काम कंपनीच्या किंवा प्रशिक्षित आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. मोठ्या खेळाडूंनाही यंत्र दगा देतंच. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. आतल्या भागांची सर्व्हिसिंग वेळेवर तज्ज्ञाकडून करून घेणं हाही हत्यार ‘बनवण्याचा’ भाग आहे. सिलिंडरवर छापलेली मुदतही बघत जा. ती साधारण १० वर्षांची असते, आणि तिच्या पलीकडचा सिलिंडर भरायचा नाही.

रायफलमध्ये घासकाम कमी, जुळवाजुळव जास्त. आधुनिक रायफलचा अख्खा दस्ता स्क्रूंवर असतो, आणि तोच घोटाळा आहे. इतकं काही हलवता येतं की लोक रोज हलवतात. माझ्या मते क्रम असा हवा. रायफल बाजूला ठेवून आधी नुसतं उभं राहा: कंबर, पाठ, डोकं जिथे स्नायूंऐवजी हाडांवर टेकतात ती ठेवण शोधा. कोपर कमरेच्या हाडावर टेकवा. मग रायफल त्या शरीरापाशी आणा. टार्गेट उंच वाटलं तर खांदे मागे ताणू नका, रायफलचा जो भाग पुढच्या हातावर टेकतो तो उंच करा. बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) वर-खाली करून रायफल डोळ्यापर्यंत आणा, डोकं रायफलकडे वाकवू नका. चीक पीसची, म्हणजे गाल टेकवायच्या भागाची, परीक्षा पिस्तुलासारखीच: डोळे मिटून गाल टेकवा, डोकं सैल सोडा, डोळा उघडा. मागच्या साइटमधून पुढचं कडं मधोमध दिसलं पाहिजे. मान ताणून ते मधोमध आणावं लागत असेल तर चीक पीसची उंची किंवा बाजू चुकली आहे. ती नाही बदलली तर शेवटच्या वीस शॉटमध्ये मान दुखायला लागेल आणि गटाची (टार्गेटवरच्या भोकांच्या घोळक्याची) उंची वाढत जाईल.

वजनाबद्दल: मर्यादा ५.५ किलो आहे, पण ती गाठलीच पाहिजे असं नाही. जड रायफल हळू हलते हे खरं, मात्र पाठ ते वजन तासभर पेलते का ते बघा. लहान वजनं पुढे-मागे सरकवून तोल शोधा. पुढे वजन गेलं की झोके संथ होतात, फार पुढे गेलं की हात थकतो. तोल कुठे हवा हे दुसऱ्याच्या रायफलवरून ठरत नाही. पकड वाढवणारं रबर वगैरे पुढच्या हाताच्या भागावर, ग्रिपवर किंवा दस्त्याच्या खालच्या भागावर चिकटवू नका, नियमात बसत नाही.

रायफलच्या टार्गेटवरचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याहून लहान. एवढ्या बारीक कामात बदल मोजायचा तर एका वेळी एकच बदल हवा आणि तो लिहिलेला हवा. प्रत्येक स्क्रूशेजारी खुणेची रेघ मारा, मोबाइलवर फोटो काढा, वहीत तारीख, काय बदललं, कुठून कुठे, आणि त्यानंतरचे गट. बदलानंतर पहिल्या दिवशी गुण जवळजवळ नेहमी वाढतात, कारण लक्ष जास्त असतं. त्या दिवसावर विश्वास ठेवू नका. दोन आठवड्यांनी काय दिसतं ते खरं.

गुण वाढतात का, हे तुम्ही विचारलंत. हो, वाढतात, पण ज्याची पकड आणि उभं राहणं रोज सारखं आहे त्याचे. तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल तर पहिले काही महिने कंपनीची ग्रिप तुमच्या मापाच्या आकारात घ्या, फक्त ट्रिगरच्या बोटाजवळचं लाकूड सुटं करा, आणि डोळे मिटून करायची ती परीक्षा वहीत नोंदत राहा. नोंदी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की ती वही आणि ग्रिप दोन्ही घेऊन तुमच्या कोचसमोर बसा, आणि पहिला टेपचा थर त्यांच्या नजरेखाली लावा.